गयाआत्या आणि मुकादमाची साखर

गयाआत्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. सामानाचा टेम्पो दारात उभा होता आणि मी हातात कुकर घेऊन खाली उतरत होते. समोरच्या ओट्यावरून एक उंच, काटक, नऊवारीतली बाई उठून आली. तिनं माझी हनुवटी धरली, अंगठ्यानं डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि आत डोकावून पाहिलं. "पांढरं फटक हाय," ती माझ्या नवऱ्याला म्हणाली. "रक्त नाय पोरीच्या अंगात. मेथी खाऊ घाल हिला." एवढं बोलून माझ्या हातातला कुकर घेऊन ती आमच्या घरात शिरलीसुद्धा. मेंढी विकत घेताना तिची पापणी अशी ओढून बघतात, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. तोवर आत्यांच्या धाकानं मी इतकी मेथी खाल्ली होती की रागावण्यात काही अर्थ उरला नव्हता.

बायपासच्या पलीकडं तेव्हा रो-हाउसच्या रांगा नुकत्या उभ्या राहत होत्या. आदल्या सालापर्यंत जिथं तूर आणि बाजरी होती, तिथं चुन्याची फक्की मारून प्लॉट पाडलेले. रस्ता यायचा होता, नळ यायचा होता, दिवे यायचे होते; आम्ही माणसं तेवढी घाईनं आलो होतो. मी औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला जायचे. सकाळी दोन रिक्षा बदलून जायचं आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या चुका डोळ्यांत घेऊन परत यायचं. माहेर लांब, सासर त्याहून लांब. नवऱ्याची फिरतीची नोकरी. अशा दिवसांत समोरच्या घरात गयाआत्या होत्या, हे माझं नशीबच म्हणायचं.

आत्या पिशोरकडच्या, धनगराच्या घरातल्या. पाऊसकाळ सरला की मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला उतरायचं आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर घरी परतायचं, यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. यजमान गेले, एका जुन्या दुष्काळात मेंढरं विकली, मुलगा भगवान वाळूजच्या कंपनीत लागला आणि त्यानं हे घर घेतलं. आत्या शहरात आल्या त्या एक घोंगडी आणि मेंढरांच्या हजार गोष्टी घेऊन. माणसांची पारखही त्या मेंढरांवरूनच करायच्या. भगवानच्या साहेबाला एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, "पुढं चालणारं मेंढरू हाय ते. वाट त्यालाबी ठावी नसती, फकस्त मागं वळून बघत नाय." सून सुनीता एकुलती एक वाढलेली, तिला दार लोटून शांत बसायला आवडायचं. तिच्याबद्दल आत्यांचं मत असं, की पोरगी गुणाची हाय, पन कळपात कधी ऱ्हायली नाय.

आत्यांना स्वतःला साखरेचा आजार होता. तो निघाल्या दिवसापासून त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात गोड सोडल्याचं जाहीर केलं होतं. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला त्या असा हात आडवा करायच्या की त्याला आपण काही पाप केलं असं वाटावं. गोळ्याही घ्यायच्या. पण रक्त तपासू द्यायचं म्हटलं की बाई जागेवर सापडायची नाही. सुनीतानं हौसेनं घरी साखर मोजायचं मशीन आणलं होतं, ते कपाटावर धूळ खात पडलं होतं. "रक्त काढून कुनाचं रक्त वाढलंय का आजवर?" हा त्यांचा सवाल असायचा.

मुकादम आला तो दुष्काळाच्या पहिल्या साली. पिवळा बोका, डोकं मडक्याएवढं, एक मिशी तुटकी. टँकरचं पाणी भरून ठेवायच्या निळ्या पिंपाला खाली बारीक गळती होती, तिथं तो जीभ लावून बसलेला आत्यांना दिसला. दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर होता, तिसऱ्या दिवशी घोंगडीवर. घरात आल्यावर त्यानं उंदीर असा एकही धरला नाही. कुंपणाच्या भिंतीवर बसून गल्लीतली बांधकामं, धुणीभांडी, भांडणं डोळे बारीक करून बघत राहायचा. "ऊसतोडीला मुकादम असतो ना, तस्सा हाय," आत्या म्हणाल्या. "कोयता हातात धरायचा नाय, पन नजर समद्यांवर." मेंढरं विकल्यापासून आत्यांनी जनावराच्या अंगावरून हात फिरवला नव्हता, असं भगवाननं मला एकदा सांगितलं होतं. आता त्यांचा हात त्या बोक्याच्या पाठीवरून निघायचा नाही.

दुष्काळाचं तिसरं साल लागलं आणि मुकादमाला तहान सुटली. वाटी भरावी आणि तोंड फिरवून बघावं तर रिकामी. गल्लीत तेव्हा पाण्यावरून सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. भांडी घासलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं पाणी संडासाला, असे सगळ्यांचेच नियम होते. आणि इथं एक मांजर लोटेच्या लोटे पाणी पितंय. लोक हसायचे. आत्यांना त्यात गैर काही वाटायचंच नाही. "दुष्काळ मुक्या जनावराला आधी कळतो," त्या म्हणायच्या. "त्ये पुढचं पिऊन ठेवतंय. उद्या टँकर आला नाय तर?" स्वतःच्या अंघोळीच्या बादलीतून तांब्याभर पाणी त्या मुकादमासाठी काढून ठेवायच्या.

मग तो वाळायला लागला. खायचा दुप्पट आणि दिवसेंदिवस पाठीचा कणा वर यायचा. वाळलेल्या जनावराला काय द्यायचं हे आत्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. व्यालेल्या मेंढीला देतात तशी बाजरीच्या पिठाची पेज, त्यात दूध, वर तुपाचा थेंब आणि गुळाचा खडा विरघळवून. मुकादम वाटी चाटूनपुसून साफ करायचा आणि आणखी वाळायचा. त्यावर आत्या गुळाचा खडा मोठा करायच्या. शेवटी एके दिवशी तो भिंतीवर उडी मारायला गेला आणि खाली पडला. चालताना त्याचे मागचे पाय पंजावर टेकत नव्हते, माणसासारखे टाचेवर टेकत होते. त्या दिवशी आत्या पहिल्यांदा घाबरल्या. मी छापखान्यात रजा टाकली आणि भाजीच्या पिशवीत मुकादमाला घालून आम्ही दोघी रिक्षानं गारखेड्याला जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं रक्त तपासलं आणि म्हणाली, "आजी, याला शुगर आहे. चांगलीच वाढली आहे."

"ह्यो चहाबी पीत नाय," आत्या म्हणाल्या.

"गोड कधी देता का काही?"

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं पाहिलं. मग त्यांनी पेजेची सगळी कृती सांगितली, गुळाच्या खड्याच्या मापासकट. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला नाही, हे त्यांचं मोठेपण. त्या एवढंच म्हणाल्या, "मेंढीला ते बरोबर आहे हो आजी. पण हा मेंढी नाही." एवढं पाणी का पीत होता, तेही त्यांनी समजावून सांगितलं. साखर अंगात राहवत नाही, ती लघवीवाटे बाहेर पडते आणि जाताना पाणीही घेऊन जाते. रिक्षात बसल्यावर आत्या म्हणाल्या, "म्हंजी दुष्काळ त्याच्या अंगात व्हता. आन् मी त्यावर गूळ टाकीत व्हते." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि पिशवीतून मुकादम सबंध जालना रोडला शिव्या देत होता.

इन्सुलिनचं त्यांना काहीच वाटलं नाही. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई द्यायची, हे त्यांनी शेकडो मेंढरांवर केलं होतं. घोडं अडलं ते कानाशी. दवाखान्यात आणलं की हा घाबरतो आणि घाबरला की याची साखर भलतीच चढते, तेव्हा खरी साखर घरीच मोजायला हवी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कानाच्या कडेला बारीक टोचायचं, मोहरीएवढा थेंब काढायचा, मशीनच्या पट्टीला लावायचा आणि आकडा फोनवर कळवायचा. डोस किती द्यायचा ते त्या ठरवणार. माणसाचं मशीन मांजराची साखर थोडी कमी दाखवतं, पण रोज तेच मशीन वापरा, मला अंदाज येईल, असंही त्या म्हणाल्या होत्या. आत्यांना कानाला सुई लावणं पटेना. "कळपात आपलं मेंढरू कोन्तं त्ये कळावं म्हून कानाला खूण करतात. हा एकुलता एक. ह्याला कशाला खूण?" दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मुकादमाला अंथरुणावरून उठता येईना, तेव्हा त्याच घोंगडीवर बसून त्या म्हणाल्या, "सुनीता, त्ये मशीन काढ."

अशी आमची टोळी तयार झाली. सुनीताला मांजराच्या केसांनी शिंका यायच्या, म्हणून ती दारात उभी राहून मोबाईलचा दिवा कानाच्या मागून धरायची, म्हणजे शीर दिसायची. आकडा वाचायचं कामही तिचं. टोचायच्या आत्या. भगवानच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळं धरायचं काम माझ्याकडं आलं. छापखान्यात जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा मी मांडीवर घोंगडी घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी मुकादमानं माझ्या मनगटावर असं काही लिहिलं की तपासायला मुद्रितशोधक लागला नाही. आत्यांनी हळद लावून दिली आणि चूक माझ्याच पदरात घातली. "गळा काय धरतीस? गळा धरला की जनावराला मरन दिसतं. खांदा धर. आन् धर म्हंजी आवळ नाय." तसं धरायला मला आठवडा लागला. ते एकदा जमल्यावर मुकादम माझ्या मांडीत पिठाच्या गोळ्यासारखा पडून राहायला लागला.

टोचण्याआधी आत्या त्याला सगळं सांगायच्या. हा त्यांच्या घरचा रिवाज होता. लोकर कापायची असो की औषध पाजायचं असो, जनावराला आधी सांगायचं. न सांगता हात लावणं म्हणजे चोरी. "मुकादमसायेब, आता कान शेकते बरं का," असं म्हणून त्या तव्यावर गरम केलेला फडका त्याच्या कानाला लावायच्या. पाणी तापवायची चैन तेव्हा कुणाला परवडणार? "आता मुंगी चावंल. लई नाय, एकच. मग तुला मच्छी." आणि टोचून झालं की, "झालं गं माय," असं त्याला नव्हे, मला म्हणायच्या, कारण दरवेळी डोळे मिटून घ्यायचे ते मीच. सुनीता आकडा वाचायची, डॉक्टरीणबाईंना कळवायची, मुकादम मच्छी खायचा आणि तो खात असतानाच त्याला सुई दिली जायची. महिन्याभरात तहान उतरली. टाचा जमिनीवरून उठल्या. मुकादम पुन्हा भिंतीवर चढला आणि गल्लीवर त्याची नजर सुरू झाली.

एका सकाळी सुनीतानं आकडा वाचला आणि दिवा तिच्या हातातून पडता पडता राहिला. साखर पावणेचारशेवर. आदल्या दिवसापर्यंत सगळं झकास चाललेलं. सुनीतानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, डोस बदलू नका, आधी पुन्हा एकदा मोजा. पुन्हा कान शेकला, पुन्हा टोचलं. आता दीडशे. पाच मिनिटांत निम्म्याहून अधिक साखर गेली कुठं? सुनीता मशीन उलटसुलट करून बघत होती. मी आत्यांकडं पाहिलं. त्यांनी डावा हात पदराखाली घेतला होता.

"आत्या, हात बघू."

"काय नाय त्या हाताला."

पदर बाजूला केला तेव्हा अंगठ्याशेजारच्या बोटावर लाल थेंब होता. मुकादमाचा कान पातळ, सुई आरपार जाऊन मागं धरलेल्या बोटात शिरली होती आणि पहिल्या वेळी पट्टीनं प्यायलं ते रक्त आत्यांचं होतं. वर्षानुवर्षं ज्या बाईनं कुणाला एक थेंब दिला नव्हता, तिची साखर तिनं स्वतःच्या हातानं मोजली होती. सुनीता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही तर गोड सोडलंय ना?"

"भ्यानं चढली असंल," आत्या तोंड न फिरवता म्हणाल्या. "मुकादमाची दवाखान्यात चढती, माजी मशीन बघून चढती."

भगवाननं त्याच दिवशी फर्मान काढलं. घरातली साखर गेली, गूळ गेला, बिस्किटं गेली. सगळे बिनसाखरेचा चहा प्यायला लागले. आत्यांनी या शिक्षेबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट फिका चहा इतक्या चवीनं प्यायच्या की मलाच संशय यायला हवा होता. बोट मात्र त्या पुन्हा कुणाच्या हाती लागू देईनात. आकडा उतरलाय की चढलाय, हे कळायला काही मार्ग नव्हता. भगवानचे वडील याच दुखण्यानं गेले होते, त्यांचा पाय काढावा लागला होता. तो माझ्यापाशी म्हणायचा, "वहिनी, मांजरासाठी एवढं करते, मग स्वतःसाठी का नाही करत हो ही?" आत्यांच्या मते माणसाला तोंड असतं, दुखलं तर सांगता येतं. काळजी करायची ती न बोलणाऱ्याची.

मग तो रविवार आला. चैत्र संपत आला होता, सकाळीच ऊन चटके देत होतं. मुकादमाची साखर मोजून झाली, मच्छीची ताटली पुढं ठेवली, त्यानं तोंड घातलं आणि आत्यांनी सुई दिली. तेवढ्यात अगदी फाटकाशी टँकरचा भोंगा वाजला. चार दिवसांनी टँकर येत होता. मुकादम उडाला तो दिवाणाखाली, आणि आम्ही सगळे पाइप, बादल्या, हंडे घेऊन बाहेर. पाणी भरणं म्हणजे तेव्हा लढाईच. आम्ही पिंपं भरून ओलेचिंब घरात आलो तेव्हा ताटली लख्ख होती. "खाल्लं बघ समदं," आत्या खूश होऊन म्हणाल्या. मागच्या दारातून एक भुरी मांजरी मिशा पुसत निघून गेली, ती सुनीताला दिसली होती. पण तिचा आणि ताटलीचा संबंध तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नाही.

दुपारी मी त्यांच्याकडं डाळ निवडत बसले होते. मुकादम पिंपाच्या बाजूनं आला. चालताना त्याचे पाय एकमेकांत अडकत होते. दोन पावलं टाकली, डोकं डुगडुगलं आणि तो कुशीवर पडला. आत्यांना वाटलं ऊन लागलं, त्या ओला फडका घेऊन धावल्या. मी त्याला उचलून मांडीवर घेतलं. सुनीता म्हणाली, "आधी मोजा." आत्यांनी कान न शेकताच टोचलं. सुई लागली तरी मुकादमाचा कान हलला नाही. आकडा आला तो तिशीतला. भगवाननं डॉक्टरीणबाईंना फोन लावून आवाज मोठा केला. त्यांनी विचारलं, "सकाळी खाल्लं होतं ना नीट?" आणि सुनीताला ती भुरी मांजरी आठवली. डॉक्टरीणबाई भराभर बोलत होत्या. साखरेचं पाणी, गुळाचं पाणी, मध, घरात असेल ते गोड बोटानं हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका. आत्ताच्या आत्ता चोळा आणि मग इकडं घेऊन या.

घरात असेल ते गोड. घरात साखरेचा दाणा नव्हता. भगवाननंच तो हद्दपार केला होता. "वहिनी, तुमच्या घराची किल्ली," असं म्हणत तो चपला शोधायला लागला. माझ्या दोन्ही हातांत मुकादम होता, किल्ली कुठं ठेवलीय ते मला आठवेना. मुकादमाचा श्वास माझ्या मांडीला जेमतेम लागत होता.

"भगवान, थांब," आत्या म्हणाल्या.

तो थांबला. आत्यांनी मुकादमाकडं पाहिलं, मग मुलाकडं.

"बाजरीच्या डब्यात हात घाल. खाली. आजून खाली."

भगवाननं कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेली गुळाची ढेप बाहेर काढली. ती एका बाजूनं पार कुरतडलेली होती. सुनीताच्या तोंडाचा आ तसाच राहिला. "बघत काय बसलास," आत्या म्हणाल्या. "कालव पान्यात." वाटीत गूळ कालवला गेला. आत्यांनी मुकादमाचा ओठ वर केला आणि बोटानं त्याच्या पांढुरक्या हिरड्या चोळायला लागल्या. चोळता चोळता त्याला सांगत होत्या, की हे तुला चालत नाय, ठावं हाय मला, पन आज घे, आजच्या दिवस घे माझ्या राजा. पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चोळलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग त्याची जीभ हलली. मग त्यानं बोट चाटलं. आणि मग चावला.

"चावला," आत्या म्हणाल्या, आणि घळाघळा रडायला लागल्या.

दवाखान्यातून संध्याकाळी मुकादमाला घेऊन परत आलो. पुढं काही दिवस त्याचा डोस कमी झाला. भगवान ओट्यावर बसला होता. मी मनात म्हटलं, आता उलटतपासणी सुरू होणार. पण त्यानं आईचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, "आई, अजून कुठं कुठं आहे?" आत्यांनी सगळं सांगून टाकलं. चिक्की मसाल्याच्या बरण्यांमागं. लिमलेटच्या गोळ्या उशीच्या अभ्र्यात. रेवड्या देवघरात, देवाच्या पाठीशी. "देवाला चालत्यात," त्या म्हणाल्या, "त्याला कुठं साखर हाय." सुनीता हसायला लागली ती थांबेचना, आणि भगवानही रडता रडता हसला.

नंतर मी त्यांना विचारलं, "आत्या, माझं घर समोर होतं. भगवान दोन मिनिटांत साखर घेऊन आला असता. तुमचं काही उघडं पडलं नसतं."

"दोन मिन्टात कोकरू जातं गं," त्या म्हणाल्या. "मी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाचं आटोपलं तरी आत्या जागच्या उठल्या नाहीत. त्यांनी सुनीतापुढं हात केला. "घे. काल माजी चोरी निघाली, आता आकडाबी निघू दे. आन् ह्यो येवढासा जीव रोज दोनदा गप बसतो." पण गप बसणं हे मुकादमाचं काम, आत्यांचं नव्हे. मेंढे आडवे पाडणारी ती बाई सुई जवळ आली की हात असा खेचायची की सुनीता दोनदा स्वतःलाच टोचून बसली. शेवटी धरायचं काम पुन्हा माझ्याकडं आलं. मी आत्यांचा हात मांडीवर घ्यायचे, त्या तोंड भिंतीकडं फिरवायच्या, डोळे गच्च मिटायच्या आणि सुई लागायच्या आत "मेले गं" म्हणायच्या. मुकादम भिंतीवरून हे सगळं बघत असायचा. पहिले आकडे ऐकून आम्ही हादरलो. मग डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, उशीचे अभ्रे दर आठवड्याला तपासले जाऊ लागले आणि आकडे हळूहळू उतरले.

मुकादम त्यानंतर चांगला जगला. पाऊस परत आला, गल्लीला नळ आला, भोवतालची सगळी बाजरी जाऊन तिथं चारमजली इमारती आल्या. म्हातारपणानं एका सकाळी तो घोंगडीवरून उठलाच नाही. आत्यांनी भगवानला घरामागं खड्डा खणायला लावला आणि स्वतःच्या हातानं त्याला आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. मांडीवर घ्यायला आता कुणी नव्हतं. आत्यांचीही सवय आता मोडेल, ही भीती मला रात्रभर खात होती. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "अशी का हुबी? उशीर झाला तुला आज." आणि त्यांनी हात पुढं केला.

त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. छातीत कफ झाला म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. त्यांच्या हातापायाच्या वीस बोटांतलं एकही कमी झालेलं नव्हतं, हे भगवान येईल त्याला सांगत होता. मी कॉटशेजारी बसले होते. नर्स साखर तपासायला आली आणि म्हणाली, "नातेवाईक सोडून बाकीच्यांनी बाहेर थांबा. तुम्ही कोण यांच्या?" शेजारीण म्हटलं असतं तर उठावं लागलं असतं, आणि दुसरं नातं कुठलं सांगणार? आत्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"टोचायला तुमी हाय," त्या दम खात म्हणाल्या. "धरायला आमची हाय ती. ऱ्हाऊ द्या."

नर्सला काही कळलं नाही, पण तिनं मला बसू दिलं. मी आत्यांचा हात मांडीवर घेतला. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, डोळे गच्च मिटले, आणि टोचून झाल्यावरही हात काही सोडवून घेतला नाही.